आधी ओळख, मग कात्री

पोटाच्या उजव्या भागात असे दोन अवयव आहेत की ते काढून टाकले तरी माणसाचे नीट चालते: यकृताखाली चिकटलेले पित्ताशय आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारे अपेंडिक्स. त्यामुळे या दोन्ही शस्त्रक्रिया किरकोळ समजल्या जातात. प्रत्यक्षात त्यांत कापण्याचे काम थोडे आणि ओळखण्याचे फार. चुका होतात त्या बहुतेक ओळखण्यात.

लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते, त्याच्या खालच्या पिशवीसारख्या भागाला सीकम म्हणतात. अपेंडिक्सचे मूळ सीकमवर ठरलेल्या जागी असते, टोक मात्र कुठेही असू शकते. बहुतेकांत ते सीकमच्या मागे वळलेले असते, काहींत ओटीपोटात उतरलेले. मागे दडलेल्या अपेंडिक्सला सूज आली तर पोट पुढून दाबूनही फारसे दुखत नाही. ओटीपोटातले सुजले तर जुलाब किंवा लघवीची जळजळ होते आणि निदान भलतीकडे जाते. एरवी दुखणे बेंबीभोवती सुरू होते आणि सूज पोटाच्या अस्तराला भिडली की उजवीकडे खाली सरकते. बेंबी आणि कंबरेच्या हाडाचे पुढचे टोक यांना जोडणाऱ्या रेषेवर, हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर, सर्वाधिक दुखणारा बिंदू चार्ल्स मॅकबर्नी यांनी 1889 मध्ये दाखवून दिला.

आत गेल्यावर अपेंडिक्स सापडत नसेल तर शोधण्याची एक हमखास वाट आहे. सीकमवरून स्नायूंचे तीन पांढुरके पट्टे खाली उतरतात आणि अपेंडिक्सच्या मुळाशी एकत्र येतात. पुढचा पट्टा धरून खाली येत गेले की मूळ सापडतेच. रक्त पुरवणारी मुख्य धमनी एकच, शेजारच्या चरबीच्या पडद्यातून येणारी. विष्ठेचा कठीण खडा अडकून आतला दाब वाढला की रक्तपुरवठा तुटतो, भिंत सडते आणि फुटते. शस्त्रक्रियेत आधी ही धमनी बंद करतात, मग मुळाशी गाठ मारून अपेंडिक्स कापतात. गाठ मुळाला लागूनच हवी, कारण लांब ठेवलेल्या खुंटाला पुन्हा सूज येऊ शकते. आजूबाजूची आतडी चिकटून गोळा झाला असेल तर मात्र बहुधा लगेच हात न घालता आधी औषधांनी सूज उतरवतात.

लंडनमध्ये 1735 साली क्लॉडियस अम्यांड यांनी एका मुलाच्या हर्नियात अडकलेले, टाचणीने भोक पडलेले अपेंडिक्स काढले. ही पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया. तरी उजवीकडच्या या दुखण्याचे मूळ अपेंडिक्स आहे आणि ते वेळेत काढावे, हे वैद्यकाला पटायला बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांचा 1886 चा निबंध यावा लागला.

पित्ताशयाची गोष्ट अधिक नाजूक आहे. नासपतीच्या आकाराची ही पिशवी 7 ते 10 सेंटीमीटर लांब असते आणि साधारण 30 ते 50 मिलिलीटर पित्त साठवते. तिची नळी यकृताकडून येणाऱ्या मुख्य पित्तनलिकेला मिळते. ही नळी, मुख्य नलिका आणि यकृताची खालची कड यांच्यामधल्या जागेला आज कॅलोचा त्रिकोण म्हणतात. पित्ताशयाची धमनी सहसा इथूनच जाते. पण कोणाची नळी अगदी आखूड, कोणाची मुख्य नलिकेला बिलगून खालपर्यंत गेलेली, कोणाला धमन्या दोन. पुस्तकातल्या चित्रासारखी रचना प्रत्येक पोटात मिळेल असे धरून चालताच येत नाही.

बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी 1882 मध्ये पहिल्यांदा पित्ताशय काढले. तोवर खडे काढून पिशवी शिवून टाकत आणि खडे पुन्हा होत. खडे जिथे बनतात ती पिशवीच काढावी, हा त्यांचा विचार आजही या शस्त्रक्रियेचा पाया आहे. जर्मनीतच एरिक म्यूहे यांनी 1985 मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढले. भारतात हे तंत्र 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी आणले.

दुर्बिणीने जखम लहान झाली, पण सुरुवातीच्या काळात पित्तनलिकेच्या इजा वाढल्या. पित्ताशय सरळ डोक्याकडे ओढले की त्याची नळी आणि मुख्य नलिका एका रेषेत येतात, आणि मुख्य नलिकाच पित्ताशयाची नळी वाटते. ती कापली गेली तर पित्त पोटात गळते, कावीळ होते, पुढे मोठी दुरुस्ती करावी लागते. यावर अमेरिकेतील स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी 1995 मध्ये मांडलेली शिस्त आज जगभर शिकवली जाते. त्रिकोणातली चरबी पूर्ण साफ करावी, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सोडवावा, आणि पित्ताशयात दोन आणि दोनच गोष्टी शिरताना दिसाव्यात. हे दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही.

सुजेमुळे ते दिसतच नसेल तर पिशवीचा काही भाग मागे ठेवून थांबणे किंवा पोट उघडणे हाच शहाणपणा. याला अपयश समजणे चुकीचे आहे. उलट, अनुभवी सर्जनची ती खूण आहे.

पित्ताशय गेल्यावर पित्त थेट आतड्यात उतरत राहते. काहींना काही काळ पातळ शौचास होते, इतकेच. काढलेले पित्ताशय आणि अपेंडिक्स दोन्ही तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवावेत. उत्तर भारतात गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाचा कर्करोग बराच आढळतो आणि अपेंडिक्सच्या टोकाशी कधी कधी लहानशी गाठ लपलेली असते. ती सूक्ष्मदर्शकाखालीच कळते, आणि पुढचे उपचार त्या अहवालावर ठरतात.