हँडिकॅप स्टीपलचेसमधील घोड्यांचे मूल्यमापन

हँडिकॅप स्टीपलचेस ही अडथळ्यांची अशी अश्वशर्यत आहे, जिच्यात प्रत्येक घोड्याने वाहावयाचे वजन त्याच्या कुवतीनुसार ठरविले जाते. सरस घोड्यास अधिक व कनिष्ठ घोड्यास कमी भार देऊन सर्वांना जिंकण्याची समान संधी मिळावी, हा या पद्धतीचा हेतू आहे. त्यामुळे येथे सर्वोत्तम घोडा कोणता यापेक्षा दिलेल्या वजनाच्या मानाने कोणता घोडा सरस आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

इ.स. १७५२ मध्ये आयर्लंडमधील बटेव्हंट ते डोनरेल या गावांच्या चर्चदरम्यान झालेली शर्यत ही या प्रकाराची सुरुवात मानली जाते. चर्चच्या उंच मनोऱ्यास इंग्रजीत 'स्टीपल' म्हणतात. त्यावरून हे नाव पडले. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळील एन्ट्री येथे होणारी ग्रँड नॅशनल ही या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध शर्यत होय. ती १८३९ पासून होत असून १८४३ मध्ये हँडिकॅप झाली. सुमारे ६.९ किलोमीटरच्या या शर्यतीत ३० अडथळे ओलांडावे लागतात. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथील हँडिकॅप शर्यती सपाट धावपट्टीवर होतात. वजनाचे तत्त्व मात्र तेच असते.

मानांकन व वजन

ब्रिटनमध्ये अधिकृत हँडिकॅपर घोड्याची पूर्वीची कामगिरी पाहून त्यास पौंडांत मानांकन देतात. १५० मानांकनाच्या घोड्यास १४० मानांकनाच्या घोड्यापेक्षा १० पौंड अधिक वाहावे लागतात. या वजनात जॉकी व खोगीर यांचा समावेश असतो; कमी पडणारे वजन शिशाच्या पट्ट्यांनी भरून काढतात. लांब पल्ल्याच्या शर्यतीत एक पौंड म्हणजे ढोबळमानाने घोड्याच्या शरीराएवढे एक लांबीचे अंतर, असे गणित मांडले जाते. ज्याचे मानांकन किमान वजनापेक्षाही खाली येते, अशा घोड्यास हक्कापेक्षा अधिक भार वाहावा लागतो व तो तोट्यात राहतो.

विचारात घेण्याचे घटक

* प्रगती : झपाट्याने सुधारणाऱ्या तरुण घोड्याची खरी कुवत मानांकनापेक्षा जास्त असू शकते.
* जमीन : काही घोडे पावसाने मऊ झालेल्या, तर काही कोरड्या व टणक जमिनीवर चांगले धावतात. चिखलात जड वजन अधिक जाणवते.
* दम : कमी अंतरावर जिंकणारा घोडा लांब पल्ल्यावर टिकेलच असे नाही.
* उडी : अडथळ्यावरील प्रत्येक चूक वेग व शक्ती खर्च करते. वारंवार पडणाऱ्या घोड्याचा वेग निरुपयोगी ठरतो.
* जॉकी : नवोदित जॉकीस काही शर्यतींत वजनाची सूट मिळते, तिचा लाभ त्याच्या अननुभवाशी ताडून पाहावा लागतो.

उदाहरण : १९७३ ची ग्रँड नॅशनल

या शर्यतीत क्रिस्प या घोड्यावर १२ स्टोन, म्हणजे सुमारे ७६ किलो वजन होते. रेड रमवर १० स्टोन ५ पौंड, म्हणजे सुमारे ६६ किलो. क्रिस्प बराच काळ मोठ्या आघाडीवर होता. अखेरच्या अडथळ्यानंतरच्या सरळ टप्प्यात तो थकला आणि रेड रमने त्यास पाऊण लांबीने मागे टाकले. दोघांतील २३ पौंडांचा फरक निर्णायक ठरला. त्याच वर्षी डाँकास्टर येथे समान वजनावर धावताना क्रिस्पने रेड रमचा पराभव केला. मात्र रेड रमला केवळ हलक्या वजनाचा लाभार्थी म्हणता येत नाही. १९७४ मध्ये १२ स्टोन वजन घेऊनही त्याने ग्रँड नॅशनल जिंकली व १९७७ मध्ये तिसरे विजेतेपद मिळविले.

मर्यादा

कोणतेही मूल्यमापन अपघाताचा हिशेब मांडू शकत नाही. १९६७ च्या ग्रँड नॅशनलमध्ये एका स्वारविरहित घोड्यामुळे २३ व्या अडथळ्यापाशी बहुतेक घोडे एकमेकांत अडकले. बराच मागे असलेला फॉइनेव्हन वाट काढून पुढे गेला आणि १०० ला १ या भावाने जिंकला. पुढे त्या अडथळ्यास त्याचेच नाव देण्यात आले.