कारागिरांचा मानकरी

आपल्या भागांतील कोणत्याही शाळेचा हजेरीपट वाचूं लागलें, तर शेटे, महाजन, पोतदार, म्हेत्रे यांपैकीं एखादें आडनांव कानीं पडल्यावांचून सहसा राहत नाहीं. आज हीं केवळ आडनांवें आहेत. परंतु एके काळीं तीं मानाच्या पदांचीं नांवें होतीं. शेटे व महाजन हे पेठेचे वतनदार, पोतदार हा नाण्यांचा पारखी, आणि म्हेत्रे हा एखाद्या धंद्यांतील मंडळींचा पुढारी. आपल्या समवयस्कांत एकास उच्चासनीं बसवावें, त्यास पागोटें बांधावें आणि समारंभांत पहिला विडा त्याच्या हातीं द्यावा, ही चाल आपल्या देशांत फार जुनी आहे. हा मान कशासाठीं देत? केवळ मिरविण्यासाठीं, कीं त्यामागें कांहीं भार असे? धातुकाम करणाऱ्या मंडळींच्या इतिहासांत या प्रश्नाचें उत्तर चांगलें सांपडतें. म्हणून तेंच येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्राचीन काळीं एका धंद्यांतील लोकांच्या संघास ‘श्रेणी’ असें म्हणत. या श्रेणींची साक्ष महाराष्ट्रांतील लेण्यांच्या भिंतींवर अद्याप कोरलेली आहे. जुन्नर येथील एका शिलालेखांत वेळूकाम करणारांच्या श्रेणीकडून दरमहा पावणेदोन कार्षापण व कांसारांच्या श्रेणीकडून दरमहा पाव कार्षापण यावयाचे, असा उल्लेख आहे. कार्षापण हें त्या काळचें नाणें. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. त्यानें तीन हजार कार्षापण कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेविले. दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक व एक हजारावर शेंकडा पाऊण असें व्याज ठरलें. मुद्दल कधींही परत घ्यावयाचें नाहीं, व्याज तेवढें भिक्षूंच्या उपयोगीं लावावें, अशी अट होती. आणि हा ठराव निगमसभेंत वाचून नोंदविला गेला.

याचा अर्थ विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावा. राजघराण्यांतील पुरुष आपलें द्रव्य कारागिरांच्या संघाकडे कायमचें सोंपवीत होता. एकटा कांसार किंवा कोष्टी आज आहे, उद्यां नाहीं. पण श्रेणी पिढ्यान्‌पिढ्या टिकते, आणि तिचा शब्द तिच्याबरोबर टिकतो, हा भरंवसा त्याच्या मुळाशीं होता.

असा शब्द पाळावयाचा तर त्याबद्दल जाब देणारा कोणी तरी हवा. तोच श्रेणीचा प्रमुख. पालि भाषेंतील जातककथांत लोहारांच्या प्रमुखास ‘कम्मारजेट्ठक’, म्हणजे लोहारांतील ज्येष्ठ, असें म्हटलें आहे. ‘सूचिजातक’ या कथेंत एक गरीब तरुण लोहार एक अपूर्व सुई घडवितो, आणि ती विकावयास थेट ज्येष्ठाच्या, घरोघर लोहारच असलेल्या गांवीं जातो. लोहारांच्या गांवांत सुई विकणें म्हणजे समुद्रांत पाणी ओतणेंच! परंतु परीक्षेच्या वेळीं ती सुई ऐरण भेदून पार जाते. ज्येष्ठ प्रसन्न होऊन आपली कन्या त्या तरुणास देतो, आणि पुढें तोच त्या गांवचा ज्येष्ठ होतो. कथा ही कथाच. तरी ज्येष्ठपद हाताच्या कसबानें मिळावें, ही लोकांची अपेक्षा तींत स्पष्ट दिसते. बृहस्पतीच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या स्मृतींत एकत्र काम करणाऱ्या कारागिरांच्या मिळकतीचे वांटेही याच न्यायानें सांगितले आहेत: शिकाऊस एक, जाणत्यास दोन, कुशलास तीन व आचार्यास चार. शिवाय प्रमुखांनीं द्वेषबुद्धीनें कोणास छळल्यास राजानें त्यांस आवरावें, असेंही त्याच स्मृतींत म्हटलें आहे.

मराठी अमदानींत पेठेंतील असें स्थान शेटे-महाजनांकडे होतें. ‘श्रेष्ठी’ या संस्कृत शब्दापासूनच ‘शेटी’ व ‘शेट’ हे शब्द आले. पेठ वसवावी, व्यापारी आणावे, देवघेवींतील तंटे मिटवावे, हीं त्यांचीं कामें. त्या काळीं निरनिराळ्या टांकसाळींचीं, कमीअधिक कसाचीं नाणीं एकाच बाजारांत चालत. म्हणून सरकारी वसूल भरतांना प्रत्येक नाणें पारखून घ्यावें लागे. हें काम बहुधा गांवचा सोनार पोतदार या नात्यानें करी. त्यानें खरें म्हटलेलें नाणें खरें ठरे. सोनें ज्या काळ्या दगडावर घासून पाहतात ती कसोटी. आणि ‘कसास उतरणें’, ‘बावनकशी’ हे आपल्या नित्याच्या बोलण्यांतील शब्द याच दगडानें आपणांस दिले आहेत.

परंतु हीं पदें वतनें झालीं. वतन म्हणजे वंशपरंपरेची मालमत्ता; ती भावांत वांटतां येई, प्रसंगीं विकतांही येई. जुन्या कागदपत्रांत मानपानाच्या तंट्यांचे असंख्य निवाडे आढळतात. पहिला विडा कोणाचा, यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणें चाललीं. मात्र त्या विड्याबरोबर येणाऱ्या कामाची आठवण हळूहळू पुसट झाली. मान उरला, भार गेला. आणि पुढें राज्यव्यवस्था पालटतांच मानही गेला. मागें राहिलीं तीं आडनांवें.

आतां याच धंद्याचें दुसरें उदाहरण पाहूं. इ. स. १३०० सालीं इंग्लंडांत असा कायदा झाला कीं, चांदीच्या जिनसेंत हजारांत ९२५ भाग शुद्ध चांदी असलीच पाहिजे. सोनारांच्या संघाच्या रखवालदारांनीं, म्हणजे वॉर्डन मंडळींनीं, दुकानोदुकान फिरून माल तपासावा व पसंत पडल्यास त्यावर बिबळ्याच्या मुखाचा शिक्का मारावा. लंडनच्या या संघास १३२७ सालीं राजाची सनद मिळाली. १४७८ सालापासून माल तपासणीसाठीं संघाच्या सभागृहांत, म्हणजे ‘हॉल’मध्यें, आणावा असें ठरलें, आणि तेथें मारलेल्या खुणेस ‘हॉलमार्क’ हें नांव पडलें. त्याच वेळीं दरवर्षी बदलणारें एक अक्षरही मालावर उमटवूं लागले. पुढें एखादा जिन्नस हिणकस निघाला, तर तो कोणत्या वर्षी व कोणाच्या हातून पसार झाला, हें त्या अक्षरावरून कळे. हें अक्षर आरंभीं १९ मे रोजीं, संत डन्स्टन यांच्या सणाच्या दिवशीं बदलत असे. दहाव्या शतकांतील हे धर्मगुरु स्वतः धातुकामांत निष्णात होते अशी आख्यायिका असून सोनारमंडळी त्यांस आपले पालक संत मानीत.

या संघाच्या प्रमुखास ‘प्राइम वॉर्डन’ म्हणतात. तो दरवर्षी निवडला जातो. आज त्याचें पद बहुतांशीं मानाचें आहे. झगा घालून, पदक धारण करून तो समारंभांत अग्रस्थानीं बसतो. प्रत्यक्ष तपासणी तज्ज्ञांची कचेरी करते. तरीही सरकारी टांकसाळींतील नाण्यांची जी वार्षिक परीक्षा होते, तिच्या नोंदी १२८२ सालापर्यंत मागें जातात, आणि १८७१ सालापासून ती याच संघाच्या सभागृहांत होत आहे. आपल्या पोतदाराचेंच हें काम! तेथें मान एका वर्षापुरता मिळतो आणि त्यास एक जिवंत काम जोडलेलें आहे. म्हणूनच तो इतकीं शतकें टिकला, असें आम्हांस वाटतें.

हें सांगतांना दुसरी बाजू झांकणें योग्य होणार नाहीं. असे संघ बाहेरच्यांस सहज आंत घेत नसत. आपल्याकडे तर धंदा जन्माशीं बांधला गेला. दुसऱ्या घरच्या मुलाच्या हातांत कितीही कसब असलें तरी तें ऐरणीपर्यंत पोहोंचावयाचें नाहीं. सुई घेऊन निघालेल्या त्या तरुणासारखीं किती तरी मुलें अशा रीतीनें वेशीबाहेरच राहिलीं असतील! आज शाळेचें दार सर्वांस उघडें आहे, ही गोष्ट म्हणूनच लहान नव्हे.

आज निलंग्याच्या बाजारपेठेंत सराफाच्या दुकानीं दागिना घेतांना पालकांनीं तो भिंगाखालीं अवश्य पाहावा. भारतीय मानक संस्थेनें सोन्याच्या दागिन्यांसाठीं हॉलमार्क २००० सालीं सुरू केला, आणि १६ जून २०२१ पासून ठराविक जिल्ह्यांत तो सक्तीचा झाला. बावीस कॅरेटच्या दागिन्यावर संस्थेचें चिन्ह, ९१६ हा आंकडा, म्हणजे हजारांत ९१६ भाग शुद्ध सोनें, आणि सहा अक्षरांकांची स्वतंत्र खूण असते. आपल्या शेजारच्या बिदरचें जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदी ठोकून केलेलें काम पाहा. निलंगा तालुका १९५६ पर्यंत त्याच जिल्ह्यांत होता. त्या बिदरी कामासही २००६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. शिक्का मारणारा पालटला. शिक्क्याची गरज पालटली नाहीं. विकणारा व घेणारा यांच्यामध्यें कोणी तरी जबाबदारीनें उभें राहावें लागतें.

विद्यार्थिमित्रहो, उत्तरपत्रिकेवर, वहीवर, पुढें आपल्या कामाच्या पाटीवर तुम्ही आपलें नांव लिहाल. तीच तुमची खूण. ती पाहून जर लोक माल न पारखतां घेऊं लागले, तर कोणी पागोटें बांधो वा न बांधो, मानकरी तुम्हीच.