प्रवासी मोटारसायकलीचे घरचे जोडकाम

इंदूर हे माळव्याच्या पठाराच्या दक्षिण कडेजवळ वसलेले शहर असल्यामुळे तेथून निघालेल्या मोटारसायकलस्वाराला तासाभरातच सपाट महामार्ग सोडून घाटाची उतरण गाठावी लागते. आग्रा-मुंबई मार्गाने महूच्या पुढे गेल्यावर मानपूरचा घाट निमाडात उतरतो, आणि ओंकारेश्वराकडे जाणाऱ्या खंडवा मार्गावर सिमरोल व भेरूघाट ही नावे प्रत्येक प्रवाशाच्या तोंडी असतात. या रस्त्यांवर दोन-चार दिवसांच्या सामानासह धावणाऱ्या गाडीला ज्या वस्तू लागतात, म्हणजे बाजूच्या पिशव्या चाकापासून दूर ठेवणारा सांगाडा, मागचे कॅरियर, वारा अडवणारी काच, जादा दिवे आणि लांब बैठकीला साजेशी गादी, त्यांपैकी बहुतेक वस्तू शोरूममधून बाहेर पडणाऱ्या गाडीवर नसतात. ही उणीव भरून काढण्यासाठी स्वाराने स्वतः, किंवा शेजारच्या वेल्डरला हाताशी धरून, आपल्याच गाडीच्या मापाने केलेले काम हा येथे परिचयाचा विषय आहे.

या कामाला हौशी म्हणण्याची पद्धत असली, तरी त्याची मुळे हौसेत नसून धंद्यात आहेत. एस्कॉर्ट्स कंपनीने पोलिश एसएचएल गाडीच्या आराखड्यावरून १९६२ पासून तयार केलेली राजदूत आणि १९५५ पासून मद्रासमध्ये जुळू लागलेली बुलेट या दोन गाड्या उत्तर व मध्य भारतातील दूधवाल्यांनी आपल्याशा केल्या. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना कॅन टांगण्यासाठी त्यांनी लोखंडी सळईचे जे आकडे आणि चौकटी जोडून घेतल्या, त्या आजच्या ‘सॅडल स्टे’च्या, म्हणजे बाजूची पिशवी चाकात जाऊ न देणाऱ्या चौकटीच्या, थेट पूर्वज मानायला हरकत नाही. चाळीस लिटर दूध सुमारे ४१ किलो भरते, आणि असे दोन कॅन रोज खड्ड्यांतून वाहणाऱ्या चौकटीने भाराविषयी जे शिकवले, ते पर्यटकाच्या कपड्यांच्या पिशवीने कधीच शिकवले नसते.

श्रीमंतांच्या बाबतीत हीच प्रथा वेगळ्या थाटात दिसते. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या प्रसिद्ध ड्यूसेनबर्ग मोटारीचा सांगाडा अमेरिकेचा होता आणि त्यावरील बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारागीर संस्थेने बांधली होती. यंत्र एकाचे आणि अंगावरचे काम दुसऱ्याचे, ही त्या काळच्या मोटारजगातील रीतच होती. मोटारसायकलीच्या जगात ती पुढेही टिकली. होंडाची गोल्ड विंग १९७५ मध्ये आली तेव्हा तिला वाऱ्याचे आवरणही नव्हते आणि सामानाच्या पेट्याही नव्हत्या. अमेरिकेतील क्रेग व्हेटर यांनी १९७१ पासून विकलेले ‘विंडजॅमर’ हे आवरण स्वार आपापल्या गाड्यांवर बसवत राहिले, आणि १९८० मध्ये होंडाने आवरण व पेट्या असलेली ‘इंटरस्टेट’ कारखान्यातूनच दिली. भारतात २०१६ च्या रॉयल एनफिल्ड हिमालयनला सामान बांधण्याच्या जागा मुळातच मिळाल्या, त्याही अशाच उशिराने.

इंदूरच्या संदर्भात या विषयाला आणखी एक बाजू आहे. शहरापासून जवळच असलेल्या पीथमपूर औद्योगिक क्षेत्रात १९८६ पासून आयशरचे ट्रक तयार होऊ लागले, पुण्याच्या फिरोदिया कुटुंबाची कायनेटिक होंडा तेथेच बनली, आणि २९ जून २०२१ रोजी प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते नॅट्रॅक्स या चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगवान मार्ग सुरू झाला. या केंद्रात वाहनाला मुद्दाम हादरे देऊन त्याचे भाग किती काळ टिकतात हे पाहण्याचीही सोय आहे. लोहामंडीतून आणलेल्या पाइपाचा घरगुती सांगाडा मात्र अशा चाचणीला कधीच सामोरा जात नाही. त्याची परीक्षा रस्त्यावरच होते, आणि ती बहुधा ताकदीची नसते, जोडाची असते.

नवशिक्याचा समज असा की जाड लोखंड म्हणजे मजबूत काम. वास्तविक १९ मि.मी. बाह्य व्यासाचा आणि १.६ मि.मी. जाडीच्या भिंतीचा पाइप घेतला, तर तेवढ्याच वजनाच्या, सुमारे साडेदहा मि.मी. जाडीच्या भरीव सळईपेक्षा तो वाकण्याला पाचपटीहून अधिक विरोध करतो, कारण वाकण्याचा ताण बाहेरच्या थरावर येतो आणि पाइपात सगळे धातुद्रव्य तिथेच असते. तरीही असा पाइप तुटतो, आणि तुटतो तो वेल्डिंगच्या कडेला. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० या हिशेबाने तासाभरात १ लाख ८० हजार हादरे जोडापर्यंत पोहोचतात. प्रत्येक हादरा क्षुल्लक असला, तरी तो पुन्हा पुन्हा बसल्यामुळे धातूत बारीक चीर पडून ती वाढत जाते, या क्रियेला धातूचा थकवा म्हणतात. एका सिलिंडरच्या जुन्या बुलेटवर हा त्रास अधिक. नव्या ३५० सीसी इंजिनांत कंप घटवणारा समतोल दांडा आहे, पण रस्त्याचे हादरे तो थांबवू शकत नाही.

म्हणून जाणता कारागीर पाइप कापण्याआधी सांगाडा कुठे टेकवायचा ते ठरवतो. मागच्या शॉकअपचा वरचा बोल्ट चालतो, खालचा चालत नाही, कारण खालचा भाग चाकाबरोबर वरखाली होतो आणि चेसिसशी त्याचे अंतर सतत बदलते. त्या दोहोंना एकाच ताठ चौकटीने बांधले, तर पहिल्याच खड्ड्यात काहीतरी वाकणार. दोन्ही बाजूंच्या चौकटी मागून एका आडव्या पट्टीने जोडल्या, की त्यांचे डुलणे थांबते. मात्र त्या पट्टीने नंबरप्लेट आणि इंडिकेटर झाकता कामा नयेत. उजवीकडे सायलेन्सरची उष्णता पिशवीला भाजू नये म्हणून मध्ये हवेची फट ठेवून अॅल्युमिनियमचा पत्रा लावला जातो. डावीकडे साडी गार्डची अडचण असते, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे हे संरक्षण केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ ने आवश्यक ठरवलेले असल्यामुळे ते काढून टाकणे हा उपाय नव्हे.

पाइप वाकवताना तो चेपू नये म्हणून त्यात वाळू ठासून दोन्ही तोंडे बंद करतात. ही वाळू पूर्ण कोरडी असावी लागते, नाहीतर तापवताना आतल्या ओलाव्याची वाफ होऊन बूच उडते. मग तुकडे गाडीवर बसवून वेल्डिंगचे नुसते टाके मारायचे, चौकट उतरवून घ्यायची आणि आळीपाळीने समोरासमोरच्या बाजूंनी पक्के वेल्डिंग करायचे, कारण एकाच बाजूने सलग उष्णता दिल्यास चौकट खेचली जाते. खेचलेली चौकट पान्याच्या जोरावर बोल्टात बसवणे ही सर्वांत महाग चूक आहे, कारण मग पेटी लावण्याआधीच जोडात ताण भरलेला असतो. गॅल्व्हनाइज्ड पाइपाचा मोह गंजाच्या भीतीने होतो, पण त्यावरील जस्ताचा धूर श्वासात गेल्यास ताप येतो; साधा पाइप घेऊन शेवटी पावडर कोटिंग करणे शहाणपणाचे. टाके मारण्यापूर्वी बॅटरीच्या तारा सोडवणेही आता सक्तीचेच समजावे, कारण एप्रिल २०२० च्या बीएस-६ मानकांनंतर इंजिनाचा कारभार इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे गेला आहे.

दिव्यांच्या कामात चुकीची किंमत लगेच कळत नाही. वीस वॉटचे दोन एलईडी दिवे १२ व्होल्टवर सुमारे सव्वातीन अँपियर प्रवाह घेतात. तो हँडलवरच्या नाजूक बटणातून न नेता रिलेतून न्यावा लागतो. रिले म्हणजे बटणाच्या अल्प प्रवाहाने चालणारे विद्युतचुंबकी स्विच, जे जाड तारेचे मंडल उघडते-मिटते. आणि बॅटरीजवळ पाच अँपियरचा फ्यूज असला, तर तार घासून उघडी पडल्यावर ती पेटण्याऐवजी फ्यूज जातो. वाऱ्याच्या काचेसाठी अॅक्रिलिक स्वस्त आणि वाकवायला सोपे असते, पण धक्क्याने त्याचे धारदार तुकडे होतात. पॉलिकार्बोनेट तसे फुटत नाही, मात्र पेट्रोलचे शिंतोडे त्याला सोसत नाहीत.

भार कुठे ठेवला, यावर गाडीची चाल ठरते. सुमारे १३९० मि.मी. चाकअंतराच्या क्लासिक ३५० वर बारा किलोची पेटी मागच्या आसाच्या ३० सेंटीमीटर मागे टांगली, तर मागच्या चाकावर साडेचौदा किलो वाढतात आणि पुढचे चाक अडीच किलोंनी हलके होते. तेवढ्याने अपघात होत नाही, पण घाटात हँडल हलके वाटू लागते.

कायद्याची चौकटही याच मापांत बोलते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. उलट २०२० मध्ये नियम १२३ मध्ये भर घालून ५५० मि.मी. लांब, ५१० मि.मी. रुंद आणि ५०० मि.मी. उंच मर्यादेतील हलक्या पेटीला परवानगी मिळाली. ती मागच्या सीटवर ठेवल्यास दुसरा माणूस बसवता येत नाही. या मापांची पेटी १४० लिटरची होते, आणि ती काठोकाठ भरल्यास तिचे वजन घरगुती सांगाड्याच्या बेताबाहेर जाते. पेटीची मापे ठरवताना म्हणून नियमाच्या आकड्यांपेक्षा आसापासूनचे अंतर आधी मोजावे लागते, आणि तसे मोजून केलेली पेटी बहुधा मंजूर आकाराच्या निम्म्यावर येते.