घराचे छप्पर : उतरते की सपाट?

कोकणात गेलात, तर दोन्ही बाजूंस उतरती, लाल कौलांची छपरे जागोजाग दिसतील. घाट चढून सोलापूर किंवा मराठवाड्याकडे गेलात, तर जुन्या गावांतून सपाट माळवदांची घरे आढळतील. एकाच महाराष्ट्रात हा भेद का बरे असावा?

याचे पहिले कारण पाऊस. रत्नागिरीस वर्षाकाठी सरासरीने ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सोलापुरास तो ८०० मिलिमीटरही पडत नाही. कोकणात झड लागली, की पाणी छपरावर क्षणभरही साचून चालत नाही. म्हणून तेथे मधले आढे उंच धरतात, त्यावरून दोन्हीकडे वासे सोडतात, वाशांवर आडव्या रिपा ठोकतात आणि रिपांवर कौले रचतात. वरच्या कौलाची कड खालच्या कौलावर येते. त्यामुळे पाणी आत न शिरता पागोळ्यांच्या रूपाने अंगणात पडते. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. खाचांनी एकमेकांत बसणारी ही मंगळुरी कौले पुढे कोकणातही पसरली. मात्र कौले फुटतात, सरकतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी छप्पर नीट करून घ्यावे लागते.

देशावर पाऊस थोडा व ऊन कडक. तेथे तुळयांवर फळ्या घालून वर मातीचा जाड थर देत. जाड माती लवकर तापत नाही, त्यामुळे दुपारी घर गार राही. माळवदावर धान्य वाळविता येई, उन्हाळ्यात रात्री निजताही येई. परंतु गळती थांबविण्यासाठी वरचेवर नवी माती घातल्याने छपराचे ओझे वाढत जाई. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि जड माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे प्राणांस मुकली. येथे दोष छपराच्या सपाटपणाचा नव्हता. तो ओझ्याचा आणि ते न पेलणाऱ्या भिंतींचा होता.

आता अनेक ठिकाणी सिमेंट-काँक्रीटची गच्ची घालतात. तीही अगदी सपाट नसते. शंभर सेंटिमीटरांस एक सेंटिमीटर, असा थोडा तरी उतार तिला पन्हाळीकडे द्यावा लागतो. नाहीतर पाणी साचून आत मुरते व सळ्या गंजतात.

तेव्हा नवे घर बांधणाऱ्याने शेजाऱ्याचे छप्पर पाहून आपले ठरवू नये. पाऊस किती, ऊन किती आणि भिंती किती भार पेलतील, हे आधी पाहावे. तुम्हीही पुढल्या पावसात आपल्या छपरावरचे पाणी कोणत्या वाटेने खाली येते, ते पाहा. तुमचे घर बांधणाऱ्याने काय विचार केला होता, हे त्यावरून समजेल.