घोड्याचा लपलेला रोग

टांगे आता फारसे राहिले नाहीत. पण म्हणून घोडा काही गेला नाही. लग्नाच्या वरातीला घोडी लागते. माथेरानला आणि पाचगणीला घोड्याच्या पाठीवर कितीतरी घरांची चूल पेटते. वीटभट्टीवर गाढवे आणि खेचरे राबतात. दत्तजयंतीला सारंगखेड्यात घोड्यांचा मोठा बाजार भरतो. खंडोबाच्या यात्रेला माळेगावातही भरतो. तिथे लोक हजारो, लाखो रुपये मोजून जनावर घरी नेतात.

घोडा घेताना जाणता माणूस काय बघतो? दात बघून वय ठरवतो. चाल बघतो. खूर उचलून बघतो. अंगावरचे भोवरे बघतो. सगळे मनासारखे असले की विसार देतो.

पण एक रोग असा आहे, की तो यातल्या कशातच दिसत नाही. जनावर खाते, पिते, कामाला जाते आणि रोग आत दबा धरून बसलेला असतो. या रोगाला ग्लँडर्स म्हणतात. नाव परके आहे, पण रोग आपल्या देशात जुना आहे. त्याची ओळख करून घेतली पाहिजे. कारण तो घोड्यापुरता थांबत नाही. तो माणसालाही होतो.

रोगाची लक्षणे

हा रोग घोडा, गाढव आणि खेचर यांना होतो. कधी तो नाकात होतो. मग नाकपुडीतून घट्ट, चिकट, पिवळसर शेंबूड येतो. पुष्कळदा तो एकाच नाकपुडीतून येतो. नाकाच्या आत फोड होऊन जखमा पडतात. जखम भरली, की तिथे चांदणीसारखा वण राहतो.

कधी रोग फुप्फुसात शिरतो. मग जनावर खोकते, धापा टाकते, खंगत जाते. कधी तो कातडीत होतो. पायांवर आणि पोटाखाली माळेसारख्या ओळीने गाठी येतात. गाठी फुटतात आणि त्यांतून तेलासारखा पिवळा पू वाहतो.

गाढवाला हा रोग झपाट्याने मारतो. एक-दोन आठवड्यांत ते दगावते. घोड्याचे तसे नाही. घोड्यात रोग महिनोन् महिने राहतो, कधी वर्षानुवर्षे राहतो. मधेच शेंबूड थांबतो, जनावर सुधारल्यासारखे वाटते. मालक म्हणतो, "बरा झाला हो माझा घोडा!" पण तो बरा झालेला नसतो. रोग फक्त लपलेला असतो.

मात्र घोड्याच्या नाकातून शेंबूड आला म्हणजे हाच रोग, असेही समजू नका. शिंगरांना दुसरा एक आजार होतो. त्यात जबड्याखाली मोठी गाठ येते, पिकते आणि फुटते. नाकही वाहते. तो आजार वेगळा आहे, आणि त्यातून बहुतेक शिंगरे बरी होतात. दोन्हींतला फरक गुरांच्या डॉक्टरांनी ठरवायचा. आपण अंदाज बांधायचा नाही.

रोग पसरतो कसा

या रोगाचे मूळ म्हणजे एक जंतू. तो डोळ्यांना दिसत नाही. आजारी जनावराच्या शेंबडात आणि पुवात तो असतो. आजारी घोडा हौदात तोंड घालतो आणि पाणी नासते. त्याच पाण्यावर मागून दुसरा घोडा येतो. एकाचा तोबरा दुसऱ्याच्या तोंडाला बांधला, एकाचा खरारा दुसऱ्याच्या अंगावर फिरवला, लगाम अदलाबदल केला, की रोग पुढे सरकतो.

कडक उन्हात हा जंतू फार टिकत नाही. ओलसर, अंधाऱ्या तबेल्यात मात्र तो कित्येक दिवस जगतो. म्हणून तबेल्यात उजेड आणि वारा हवा. जमीन कोरडी हवी.

माणसाला हा रोग कसा लागतो? मोतद्दाराच्या हाताला चीर असते. त्या हाताने तो घोड्याचे नाक पुसतो. किंवा घोडा तोंडासमोर फुरफुरतो आणि शिंतोडे डोळ्यांत, नाकात जातात. मग ताप येतो, छाती दुखते, खोकला लागतो, अंगावर पुवाचे फोड येतात. वेळेवर औषध मिळाले नाही तर माणूस वाचणे कठीण. म्हणून घोड्यांत काम करणाऱ्याला ताप आला, तर त्याने डॉक्टरांना पहिल्यांदा हे सांगावे, "मी घोड्यांजवळ असतो." हे कळले नाही तर डॉक्टरांना या रोगाची शंकाही यायची नाही.

विद्वानांनी रोग कसा शोधला

पूर्वी लोकांना वाटे, हा रोग खराब हवेने होतो, फार काम घेतल्याने होतो. फ्रान्स देशात रेये नावाचे डॉक्टर होते. या रोगाने आजारी पडलेल्या माणसाचा पू त्यांनी घोड्याला टोचला. घोड्याला तोच रोग झाला. हे साल १८३७. माणसाचा आणि घोड्याचा रोग एकच आहे, हे त्यातून समजले.

पुढे १८८२ साली जर्मनीत लोफ्लर आणि शुट्झ या दोघांनी जंतूच शोधून काढला. त्यांनी मेलेल्या घोड्याच्या शरीरातून जंतू काढला. तो काचेच्या नळीत वाढवला. मग तो निरोगी जनावराला टोचला. त्या जनावराला तोच रोग झाला. चोर पकडला, आणि चोरीही शाबीत झाली!

पण एक अडचण उरलीच. घोडा वरून धडधाकट दिसतो. मग त्याच्या आत जंतू आहे की नाही, हे कसे ओळखायचे?

यावर रशियाच्या राज्यात दोन पशुवैद्यांनी उपाय काढला. एकाचे नाव हेलमन, दुसऱ्याचे कालनिंग. दोघे वेगवेगळ्या ठिकाणी काम करत होते. साल १८९० च्या सुमाराचे. त्यांनी जंतू मारून त्यांचा अर्क काढला. त्या अर्काला मॅलीन म्हणतात. हे काम करताना कालनिंग यांना हाच रोग लागला आणि १८९१ साली ते वारले. घोड्याचा रोग ओळखण्यासाठी एका माणसाने आपला जीव दिला.

मॅलीनची परीक्षा सोपी आहे. घोड्याच्या खालच्या पापणीत मॅलीनचे एक-दोन थेंब टोचतात. मग दोन दिवस वाट बघतात. घोडा निरोगी असला तर विशेष काही होत नाही. रोगी असला तर पापणी चांगलीच सुजते, डोळा मिटतो, डोळ्यातून पू येतो.

असे का होते? एक उदाहरण घ्या. घरात चोर शिरला, तर कुत्रा त्याचा वास लक्षात ठेवतो. पुढे त्या चोराचा नुसता सदरा समोर टाकला तरी कुत्रा भुंकतो. शरीराचेही तसेच आहे. ज्या शरीरात जंतू शिरला आहे, ते त्या जंतूला ओळखते. मॅलीन म्हणजे चोराचा सदरा. त्यात जिवंत जंतू नसतो, पण शरीर चवताळून उठते. ज्या घोड्याने तो चोर पाहिलाच नाही, तो गप्प राहतो.

आता रक्ताची परीक्षाही करतात. घोड्याच्या मानेच्या शिरेतून थोडे रक्त काढतात. ते थिजले की वर स्वच्छ पाणी सुटते. शरीराने जंतूशी लढायला तयार केलेले शिपाई त्या पाण्यात असतात. प्रयोगशाळेत बारीक खळगे असलेली एक ताटली असते. खळग्यांच्या तळाला जंतूचा निरुपद्रवी अंश लावलेला असतो. त्यात ते पाणी घालतात. शिपाई असले तर ते तळाला चिकटून बसतात. मग त्यांवर औषध टाकले की रंग चढतो. शिपाई नसले तर रंग चढत नाही.

रंग दिसला म्हणून लगेच निकाल देत नाहीत. दुसऱ्या रीतीने पुन्हा तपासतात. जनावराच्या जिवाचा आणि मालकाच्या पोटाचा प्रश्न असतो. घाई करून चालत नाही.

आपल्या देशातले काम

जनावरांच्या रोगांचा अभ्यास करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यात निघाली. १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली. घोड्यांसाठी वेगळी राष्ट्रीय संस्था १९८५ साली हरियाणात हिसार येथे सुरू झाली. ग्लँडर्सच्या परीक्षेसाठी देशभरातून रक्ताचे नमुने तिथे जातात.

मधली काही वर्षे हा रोग फारसा कानावर येत नव्हता. लोक विसरले. पण २००६ साली तो पुण्यात आणि पाचगणीत पुन्हा निघाला. पुढे इतर राज्यांतही सापडला. विसरलेला शत्रू परत येतो, तो असा.

रोगी घोड्याचे काय करतात

हे सांगताना वाईट वाटते, पण सांगितलेच पाहिजे. या रोगावर घोड्यासाठी लस नाही. औषधाने घोडा वरवर बरा दिसतो, पण आत जंतू राहू शकतो आणि तो दुसऱ्यांना रोग देत राहतो. म्हणून परीक्षेत रोग पक्का ठरला, की सरकारी डॉक्टर त्या जनावराला वेदना न होऊ देता मारतात आणि खोल पुरतात. त्यासाठी १८९९ साली कायदा झाला होता. त्याच्या जागी आता २००९ चा कायदा आहे. मालकाला सरकारी भरपाई देण्याची योजना आहे.

कोणी म्हणेल, "गुरुजी, भरपाईने माझा घोडा परत येतो का? तो माझा पोशिंदा आहे. मी कशाला सांगू?" हे बोलणे खोटे नाही. घोड्यावर पोट असलेल्या माणसाला घोडा घरच्यासारखाच असतो. पण पुढचा विचार करा. रोग लपवला, तर महिन्या-दोन महिन्यांत शेजारच्या दाव्यावरचा घोडा आजारी पडेल. मग भावाचा पडेल. खरारा करणारा आपलाच मुलगा अंथरूण धरील. झाकली मूठ सव्वा लाखाची असते खरी. पण ही मूठ झाकली, तर सारा तबेला जातो.

इंग्लंडात एके काळी हा रोग फार होता. तिथे त्यांना लस मिळाली नव्हती. त्यांनी एवढेच केले, की घोडे तपासले आणि रोगी जनावर लपवले नाही. १९२८ साली तिथून रोग नाहीसा झाला. इंग्लंडात झाले ते आपल्याकडेही होऊ शकेल.

ध्यानात ठेवा

नवा घोडा आणला, की त्याला काही दिवस वेगळा बांधा. त्याचा तोबरा, खरारा आणि बादली वेगळी ठेवा. बाजारात आणि यात्रेत सामाईक हौदावर घोडा पाजू नका, आपली बादली बरोबर न्या. घोडा घेण्याआधी रक्ताच्या परीक्षेचा दाखला मागा.

नाकातून चिकट शेंबूड, अंगावर गाठींची ओळ, न थांबणारा खोकला, यांपैकी काही दिसले तर जनावर वेगळे बांधा. ग्रामपंचायतीत आणि गुरांच्या दवाखान्यात कळवा. त्याला विकू नका, बाजारात नेऊ नका. उघड्या हाताने त्याची जखम धुऊ नका. या रोगाचा संशय असलेले जनावर मेले, तर त्याचे कातडे काढू नका. डॉक्टर येईपर्यंत मुलांना जवळ जाऊ देऊ नका.

घोड्याला बोलता येत नाही. आपल्याला काय होते ते तो सांगू शकत नाही. त्याच्या वतीने त्याचे रक्त बोलते. ते तपासून घेणे आपल्या हातात आहे.