उपग्रह फोडायचा, तर तुकडे कोणी झेलायचे?

शाळेत भौतिकशास्त्र शिकवताना एक गणित मी दरवर्षी मुलांना घालत असे. एक ग्रॅम वजनाचा तुकडा सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने आदळला, तर त्याची ऊर्जा किती? उत्तर पन्नास हजार ज्यूल येई. हजार किलोची मोटार ताशी ३६ किलोमीटर वेगाने भिंतीवर धडकावी, तेवढी. रशियाने आकाशात काय करून ठेवले, हे समजायला एवढे गणित पुरते.

१५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाने प्लेसेत्स्क तळावरून ‘नुडोल’ क्षेपणास्त्र सोडले आणि १९८२ साली सोडलेला स्वतःचाच निकामी उपग्रह, कॉसमॉस-१४०८, फोडला. तो सुमारे ४८० किलोमीटर उंचीवर होता. रडारला दिसतील असे दीड हजारांहून अधिक तुकडे झाले. बारीक तुकडे वेगळेच. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात तेव्हा सात जण होते. त्यांत भारतीय वंशाचे राजा चारी होते आणि रशियाचे स्वतःचे दोन अंतराळवीरही होते. सगळ्यांना परतीच्या यानांत जाऊन बसावे लागले. पुढे जून २०२२ मध्ये याच उपग्रहाचा एक तुकडा चुकवायला स्थानकाला आपली कक्षा बदलावी लागली.

ही विद्या रशियाकडे जुनी आहे. ४ मार्च १९६१ रोजी कझाकस्तानातल्या सारी-शगान येथे सोव्हिएत अभियंते ग्रिगोरी किसुंको यांच्या गटाने क्षेपणास्त्राचे स्फोटकाग्र हवेतच नष्ट करून दाखवले. १९६८ मध्ये सोव्हिएत संघाने एका उपग्रहाजवळ दुसरा नेऊन त्याचा स्फोट केला. मॉस्कोभोवती क्षेपणास्त्रविरोधी कवच उभे राहिले. त्याची ‘ए-१३५’ ही पिढी १९९५ मध्ये सेवेत आली. नुडोल त्याच घराण्यातले. लांब पल्ल्याचे स्फोटकाग्र वातावरणाबाहेरून, ठरल्या वाटेने येते. उपग्रहाची वाट तर त्याहून ठरलेली. म्हणून क्षेपणास्त्र अडवणाऱ्याला खालच्या कक्षेतला उपग्रहही पाडता येतो.

भारतानेही हेच केले. २७ मार्च २०१९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळील अब्दुल कलाम बेटावरून डीआरडीओने ‘मिशन शक्ती’ पार पाडले. आपल्या क्षेपणास्त्र संरक्षण कार्यक्रमातूनच घडलेल्या अस्त्राने सुमारे ७४० किलोंचा मायक्रोसॅट-आर फोडला. त्या दिवशी मला अभिमान वाटला, आजही वाटतो. पण फरक उंचीचा आहे. आपले लक्ष्य तीनशे किलोमीटरच्या खाली होते. तिथे विरळ का होईना, हवा असते. ती तुकड्यांचा वेग मारते आणि ते खाली येऊन जळतात. बहुतेक तुकडे काही महिन्यांत संपले. तरीही काही वर उधळले आणि वर्षाहून अधिक काळ फिरत राहिले. काळजी घेऊनही एवढे झाले. मग ४८० किलोमीटरवर फोडणे म्हणजे बेजबाबदारीच. चीनने २००७ मध्ये सुमारे ८६० किलोमीटरवर उपग्रह फोडला, त्याचे तुकडे अजून फिरत आहेत.

तंजावर आणि कुंभकोणमच्या मधल्या आमच्या पापनाशममध्ये हा विषय दूरचा नाही. घरी मराठी बोलणारे आम्ही व्यंकोजीराजांच्या काळापासून या कावेरीकाठी आहोत आणि सगळ्यांसारखेच सांबा भातावर जगतो. भात शेतात उभे असते तेव्हाच ईशान्य मोसमी पाऊस आणि वादळे येतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गजा’ वादळाने आमच्या जिल्ह्यातल्या नारळाच्या बागा आडव्या केल्या. पण इशारा आधी मिळाला, म्हणून किनाऱ्यावरची हजारो माणसे वेळेत हलवता आली. ढगांची चित्रे पाठवणारे इन्सॅट ३६ हजार किलोमीटरवर सुरक्षित आहेत. पण समुद्रावरचा वारा मोजणारा ओशनसॅट-३ सुमारे ७४० किलोमीटरवर फिरतो आणि कॉसमॉसचे तुकडे अकराशे किलोमीटरपर्यंत उधळले होते.

डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अशा विध्वंसक चाचण्या थांबवण्याच्या आवाहनाला १५५ देशांनी पाठिंबा दिला. रशियाने विरोधात मत दिले. भारत तटस्थ राहिला. बंधन सर्वांना सारखे आणि कायद्याने बांधणारे हवे, हा भारताचा आग्रह मला पटतो. पण आपली क्षमता आता सिद्ध झाली आहे. पुन्हा चाचणी करून काही सिद्ध करायचे उरलेले नाही. म्हणून भारताने आपणहून जाहीर करावे, की उपग्रह फोडण्याची चाचणी आम्ही पुन्हा करणार नाही. मग रशियाला आणि चीनला तेच सांगताना आपल्या शब्दाला वजन येईल.