विंचू, बोका आणि एक गोळी

मृग लागला की महाड-पोलादपूरकडच्या मांजरांचं जगणं बदलतं. अंगणात चिखल, लाकडांच्या ढिगाखाली आणि दगडी बांधात साप-विंचू. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या वस्त्यांना गाड्यांची धास्ती बारा महिने, डोंगरातल्या वाड्यांना बिबट्याची. म्हणून आता बरीच घरं मांजर आतच ठेवतात, आणि ते योग्यच आहे. पण मग ऐन जुलैत एखाद्या घरातला धडधाकट बोका चमत्कारिक वागू लागतो. वाळूच्या टबात जाऊन नुसताच बसतो, कण्हतो, दोन थेंब गाळतो, दहा मिनिटांनी पुन्हा तिथेच. कधी न्हाणीत, कधी घडी करून ठेवलेल्या चादरीवर. घरातल्यांना वाटतं, बाहेर सोडत नाही म्हणून राग काढतोय.

तो राग काढत नसतो. त्याला दुखत असतं.

पशुवैद्यांना हा आजार चांगलाच ओळखीचा आहे. मूत्राशय सुजलेलं असतं, लघवीत रक्त दिसतं. पण तपासलं तर बहुतेकदा जंतू सापडत नाहीत आणि खडाही नसतो. मादीला याचा त्रास होतो, बोक्याच्या मात्र जिवावर बेततं. त्याची मूत्रनलिका टोकाला फार अरुंद असते. ती तुंबली की रक्तातलं पोटॅशियम चढत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. म्हणून वारंवार बसूनही बोक्याला थेंबभर लघवी होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याला गुरांच्या डॉक्टरांकडे न्यायला हवं.

जंतू नाहीत, खडा नाही, मग मूत्राशय सुजतं कशानं? या प्रश्नाचा एक धागा महाड तालुक्यातल्याच बिरवाडीपर्यंत येतो.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. हिम्मतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचू चावलेला माणूस दगावणं नवलाचं नव्हतं. इस्पितळात पोचलेल्या गंभीर रुग्णांपैकीही शंभरातले तीसच्या आसपास जात. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम टिपला: आधी ओकारी आणि दरदरून घाम, मग हातपाय बर्फासारखे गार, नाडी धावती, रक्तदाब चढलेला, आणि शेवटी फुप्फुसात पाणी. १९८२ मध्ये त्यांची ही निरीक्षणं ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आली. विष थेट हृदय जाळत नव्हतं. ते मज्जातंतूंच्या टोकांची दारं उघडी ठेवत होतं आणि शरीरातलं सगळं अ‍ॅड्रेनलिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन एकदम सांडत होतं. वाघ समोर आल्यावर शरीर जी तयारी करतं, तीच तयारी कित्येक पटींनी आणि थांबायचं नाव न घेता.

बावस्करांनी यावर रक्तदाबाची एक जुनी, स्वस्त गोळी वापरली. प्रॅझोसिन. नॉरअ‍ॅड्रेनलिन रक्तवाहिन्यांच्या ज्या कुलपांत शिरून त्या आवळतं, त्या ‘अल्फा’ कुलपांत ही गोळी आधीच जाऊन बसते. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. १९८६ च्या ‘लॅन्सेट’मधल्या निबंधावर हिम्मतरावांच्या शेजारी त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करांचं नाव आहे. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं छापलेल्या, महाडमध्येच झालेल्या चाचणीवरही ते आहे. ही गोष्ट सांगताना हे दुसरं नाव बहुतेकदा गाळलं जातं. ते गाळता कामा नये. हे काम दोघांचं आहे.

आता बोक्याकडे वळू. हीच अल्फा कुलपं मूत्रनलिकेच्या वरच्या भागातल्या स्नायूंवरही असतात. त्यामुळे तुंबलेली नलिका मोकळी केल्यावर ती पुन्हा आवळू नये म्हणून जगभरचे पशुवैद्य बोक्यांना प्रॅझोसिन देऊ लागले. विंचवाच्या विषावर चाललेली गोळी इथेही चालावी, असं कुणालाही वाटेल. पण २०२२ मध्ये अमेरिकेत ३८८ बोक्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा प्रॅझोसिन दिलेल्या बोक्यांची नलिका पुन्हा तुंबण्याचं प्रमाण उलट जास्त निघालं. शिवाय नलिकेचा खालचा अरुंद भाग मुख्यतः वेगळ्या जातीच्या स्नायूंचा असतो. तिथे या गोळीचं फारसं चालत नाही.

मग चालतं काय? ओहायो स्टेट विद्यापीठात असताना पशुवैद्य टोनी बफिंग्टन यांनी या आजाराचा माग मूत्राशयापासून मेंदूपर्यंत काढला. अशा मांजरांच्या शरीरात ताणाची मज्जासंस्था सतत चेतलेली असते, असं त्यांना आढळलं. त्यांच्या गटानं २०११ मध्ये छापलेला एक प्रयोग तर मांजर पाळणाऱ्या प्रत्येकानं ऐकावा असा आहे. २० आजारी आणि १२ निरोगी मांजरं ७७ आठवडे रोज पाहिली गेली. प्रयोगातले ‘धक्के’ म्हणजे काय, तर सांभाळणारं माणूस बदललं, जेवणाची वेळ चुकली, रोजचा खेळ झाला नाही. एवढ्यानं आजारी मांजरं तर बिघडलीच, पण निरोगी मांजरांनीही अन्न सोडलं, त्यांना ओकाऱ्या झाल्या, टबाबाहेर घाण झाली.

विंचवाचं विष ही ढगफुटी. सावित्री नदी तासाभरात पात्र सोडते आणि सगळ्यांना दिसते. घरातल्या मांजराचा ताण म्हणजे श्रावणातली रिपरिप. पाणी तेच, नुसतं भिंतीत मुरत राहतं. पोपडे सुटल्यावरच कळतं की ओल कधीची होती.

२००६ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात बफिंग्टन यांनी अशा ४६ मांजरांच्या मालकांना घराची मांडणी बदलायला लावली. दहा महिन्यांत लघवीचा त्रास कमी झालाच, मांजरांचा भित्रेपणाही घटला. त्यांनी सांगितलेलं बरंचसं कोकणी घरात फुकट जमतं. मांजराला उंची लागते: माळ्याची कड, कपाटाचा माथा, भिंतीला ठोकलेली फळी. लपायला जागा लागते. एका बाजूनं कापलेलं खोकं पुरतं. खिडकीला जाळी लावून आत पाट टाकला, की पागोळ्या आणि चिमण्या पाहण्यात त्याचा तास जातो. टब मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, आणि जेवणाच्या ताटलीपासून दूर. पाण्याचं भांडंही वेगळ्या कोपऱ्यात. मांजराचे पूर्वज वाळवंटी मुलखातले असल्यानं त्याला तहान कमी लागते आणि लघवी घट्ट होते. म्हणून नुसत्या कोरड्या दाण्यांपेक्षा उकडलेली, बिनमिठाची मासळी पाण्यासकट दिलेली बरी. खारवलेली सुकट मात्र त्याच्यापुढे ठेवू नये.

आणि शिकार. ती इच्छा दार लावल्यानं जात नाही. इंग्लंडमधल्या एक्सिटर विद्यापीठानं २०२१ मध्ये छापलेल्या अभ्यासात साडेतीनशेवर मांजरं पाहिली. रोज पाच-दहा मिनिटं दोरीला पीस बांधून खेळवलं, तर घरी आणलेली शिकार २५ टक्क्यांनी घटली. मांसाचं प्रमाण भरपूर असलेल्या अन्नानं ३६ टक्क्यांनी. ही बाहेर फिरणारी मांजरं होती, पण घरातल्या बोक्यालाही तीच दहा मिनिटं हवी असतात. दिवेलागणीला खेळ आणि लगेच जेवण, रोज त्याच वेळी.

घर सुरक्षित करताना आपल्या स्वच्छतेकडेही पाहावं लागतं. लाखो वर्षं नुसतं मांस खाल्ल्यानं मांजराच्या यकृतातलं, वनस्पतींची विषं निकामी करणारं एक जनुक मोडून पडलं आहे. त्यामुळे पॅरासिटामॉलची एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते. काळं फिनेल पुसलेल्या लादीवरून चालून त्यानं पंजे चाटले, तर तेही विषच. डांबरगोळ्या कपाटात बंद असाव्यात. कुत्र्याचं गोचिडीचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला कधीही लावू नये.

महाडकरांसाठी आणखी एक गोष्ट. २२ जुलै २०२१ ला शहरात पाणी भरलं, त्याच दिवशी तळियेत आणि पोलादपूरच्या केवनाळे, साखर सुतारवाडीत दरडी कोसळल्या. अशा वेळी घर सोडायच्या घाईत घाबरलेलं मांजर हाती लागत नाही. झाकणाची करंडी किंवा पिंजरा मेपासूनच घरात उघडा ठेवावा, आत जुनं पांघरूण घालावं, अधूनमधून खाऊही तिथेच द्यावा. मग वेळ येते तेव्हा ते स्वतःहून आत जाऊन बसतं.

बिरवाडीत सगळं सुरू झालं ते किती वाजता काय झालं, हे लिहून ठेवण्यापासून. तशी एक वही टबाच्या वरच्या खुंटीला टांगता येते. वाळूत रोज ओल्या गोळ्या किती निघाल्या, एवढाच आकडा तारखेपुढे लिहायचा. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, ‘कालपासून किती वेळा झाली?’ आणि त्याचं उत्तर त्या वहीत असतं.